उपसमिती सिनेमाला जाते

आमच्या सोसायटीत ज्या गोष्टीचा निकाल लावायचा नसे, तिच्यासाठी उपसमिती नेमली जाई. गच्चीच्या गळतीसाठी एक होती. गळती अजून चालू आहे; उपसमितीतले दोघे मात्र गेले. सायकली कुठे लावाव्यात यासाठी एक होती, तिचं काम चालू असतानाच लोकांनी स्कूटर घेतल्या. आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी एक उपसमिती नेमली गेली ती व्हिडिओ गेमसाठी. मी तिचा सभासद होतो. मला मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं सार्वजनिक पद.

बिबवेवाडीत मार्केट यार्डाच्या अंगाला आमची चार मजली इमारत. खाली रस्त्याच्या बाजूला तीन गाळे होते. एकात पिठाची गिरणी, एकात शिंपी, आणि तिसरा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. काका पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. पत्र्याला ठोकून आकार देणारी अजस्र यंत्रं, त्यांच्यासमोर काकांची उमेदीची वर्षं गेली. मग नवे वारे वाहू लागले आणि कारखान्याच्या लक्षात आलं की प्रेस शॉप आपल्याला लागतच नाही. बाहेरून सुटे भाग घेतलेले स्वस्त पडतात. काकांना ऐच्छिक निवृत्ती मिळाली. इच्छा कुणाची होती हे कागदावर लिहायची पद्धत नव्हती. आलेल्या पैशांतून त्यांनी तीन जुनी मशीनं आणली आणि गाळ्यात व्हिडिओ गेम पार्लर काढलं.

काका मूळचे नागपूरकडचे. तरुणपणी पुण्यात आले आणि भाषा बरीचशी इथली केली, पण रागात किंवा आनंदात असले की तिकडची यायची. घरात दर्शनी भागात बुद्धाची मूर्ती होती आणि वैशाख पौर्णिमेला ते सगळ्या बिऱ्हाडांत खीर पाठवत. डबे धुऊन, आभारासह परत येत. अध्यक्षांना त्यांच्या घरी चहाला जायला कधी वेळ मिळाला नाही. वेळेची ही अडचण त्यांना बाकीच्या मजल्यांवर येत नसे.

तीन मशीनांपैकी दोन किरकोळ होती. एकात मोटारी पळत, एकात विमानं पडत. गर्दी असायची ती तिसऱ्यावर. त्याला इंग्रजी नाव होतं, पण पोरं त्याला ‘जोडी’ म्हणत. खेळ असा: दोन दांडगे तरुण, एक बनियनवर आणि एक कातडी जाकिटात, रस्त्यानं डावीकडून उजवीकडे चालत निघतात. कुणीतरी एका मुलीला उचलून नेलेलं असतं. वाटेत जो भेटेल त्याला हे दोघे बुकलून काढतात. कचऱ्याचं पिंप फोडलं की आतून भाजलेली कोंबडी निघते. ती खाल्ली की अंगात पुन्हा जोर येतो. कचऱ्यातलं अन्न खाण्याला कुणीही आक्षेप घेतला नाही. आक्षेप मारामारीला होता.

मी तेव्हा एम. ए. होऊन घरी बसलो होतो. जगाविषयी माझी मतं तयार होती आणि जगाला त्यांची गरज नव्हती. गिरणीत दळण ठेवलं की वाट बघायला मी शेजारी काकांच्या दुकानात शिरत असे. मला तो खेळ आवडायचा, हे सांगून टाकतो. त्यात ढोंग नव्हतं. कुणी आपण का मारतो याचं भाषण देत नसे. मेलेला माणूस दोनदा लुकलुकून नाहीसा होई आणि त्याची शोकसभा होत नसे. एक गोष्ट तेवढी अंगावर येई: पडदा पुढे सरकला की मागचा रस्ता संपला. जॉयस्टिक कितीही डावीकडे ओढा, तो माणूस पडद्याच्या कडेला नाक लावून नुसते पाय हलवत राही.

काकांना खेळ मुळीच आवडत नव्हता. “दिवसभर ते हुं हा, हुं हा. डोकं उठते,” ते म्हणत. “पण प्रेसचा आवाज तरी कुठं आवडत होता? तिथं कोणी विचारलं नाही, तुम्हाला पत्रा आवडते का म्हणून.”

त्यांची मुलगी लोणी काळभोरच्या बाजूला एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या घराण्यात कारखान्याच्या दारातून हजेरीचं कार्ड पंच न करता आत जाणारी ती पहिलीच असणार होती. काका मशीनच्या लाकडी अंगावर बैलाच्या पाठीवर थापटावं तसं थापटत आणि म्हणत, “हे पोरीला इंजिनिअर करून सोडन. तिचं शेवटचं वर्ष होऊ दे, मग मीच याच्यावर हातोडा घालतो बघ.” त्यांना दुसरं काही नको होतं. नफा नको, दुसरी शाखा नको. तिचं शेवटचं वर्ष होईपर्यंत त्या दोन दांडग्यांनी लोकांना मारत राहावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मुलगी दुकानाच्या वेळात खाली येत नसे. सकाळी बसला जायच्या आधी ती झाडून घेई आणि मशीन नीट चालतं की नाही ते बघायला एक डाव खेळे. मी एकदा दळणाचा डबा घेऊन उभा राहून तिचा खेळ पाहिला. पोरं घामाघूम होत, ओरडत, बटणांवर बुक्के मारत. ही भाजी निवडावी तशी खेळत होती.

“हा पिवळ्या शर्टवाला बघ दादा,” ती म्हणाली. “मघाचा निळा शर्टवाला आणि हा एकच आहे. पुढच्या स्टेजला हाच हिरव्या शर्टात येतो. मेमरी वाचवायला चार माणसं करतात आणि नुसते रंग बदलतात.”

“आणि शेवटी काय होतं?”

“शेवटी काही नाही. शेवटचा बॉस मेला की परत पहिला रस्ता. फक्त आता गुंड जास्त जोरात मारतात.” तिनं एका निळ्या शर्टवाल्याला लोळवलं आणि जॉयस्टिक सोडली. “चल, माझी बस आली असेल.”

मागे पडद्यावर तिचा माणूस मार खात उभा होता. मी त्याला वाचवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये भरायची. अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते आणि इतिवृत्त वाचतानाही धरणाचं पाणी सोडत असल्यासारखे उभे राहत. त्या सभेत आधी अभिनंदनाचा ठराव झाला. पहिल्या मजल्यावरचा मुलगा कॉम्प्युटरच्या कामासाठी अमेरिकेला गेला होता. त्याच्या आईवडिलांना शाल आणि नारळ. अध्यक्ष म्हणाले की येणारं शतक संगणकाचं आहे आणि आपल्या सोसायटीनं त्यात मागे राहता कामा नये. टाळ्या झाल्या. त्यानंतरचा विषय होता व्हिडिओ गेम पार्लर बंद करणे.

तक्रारी तीन होत्या. आवाज होतो, मुलांचा अभ्यास होत नाही, आणि बाहेरची मुलं येतात. तिसरी तक्रार सगळ्यात हळू आवाजात मांडली गेली आणि सगळ्यांना सगळ्यात स्पष्ट ऐकू आली. बाहेरची मुलं म्हणजे मार्केट यार्डातल्या हमालांची मुलं आणि मागच्या वस्तीतली. आमची मुलंही तिथेच पडीक असत, पण ती आतली होती.

“आपला कुणाच्याही पोटावर पाय देण्याचा हेतू नाही,” अध्यक्ष म्हणाले. दुकानाच्या व्यावसायिक वीजजोडणीला सोसायटीची संमती लागायची. ती तात्पुरती दिलेली होती आणि पुढे द्यायची की नाही ते ठरवायचं होतं. “पण खेळाचं स्वरूप काय, त्याचे संस्कार काय, याचा विचार व्हायला हवा.”

“खेळ बघितल्याशिवाय विचार कसा करणार?” मी मागून विचारलं. आमच्या सोसायटीत प्रश्न विचारणाऱ्याला शिक्षा म्हणून सभासद करत. मला तेव्हा ते माहीत नव्हतं.

“बघू की. पण त्या पोरांच्या घोळक्यात उभं राहून? मी?”

काका उठले. “साहेब, मशीन खालीच आहे. पाच मिनिटं या ना. मी पोरं बाहेर काढतो. खुर्च्या मांडतो, चहा सांगतो.”

“अहो, असं कसं? तुमच्याच दुकानात, तुमचाच चहा पिऊन आम्ही निर्णय द्यायचा? पद्धतशीर होऊ द्या.”

इथे तिसऱ्या मजल्यावरच्या बाई बोलल्या. बाई एका महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. “त्या खेळावर सिनेमा आलाय ना? पेपरात जाहिरात आहे. हिंदीतून केलाय. मूळ कृती पाहणं शक्य नसेल तर माध्यमांतर पाहावं. विद्यार्थी तेच करतात.”

“आणि पासही होतात,” शिंपी म्हणाला.

ठराव झाला. अध्यक्ष, बाई, आणि तरुणांचे प्रतिनिधी म्हणून मी. उपसमितीनं सदर चित्रपट पाहून सदर खेळाविषयी अहवाल द्यावा. सगळ्यांना हे अत्यंत रास्त वाटलं. मलाही फारसं विचित्र वाटलं नाही, हे आता विचित्र वाटतं. मशीन आम्ही बसलो होतो तिथून चार पावलांवर, एका शटरच्या पलीकडे होतं.

त्या दिवसापासून काका मला जिन्यात गाठू लागले. “सिनेमा चांगला असन ना रे?” ते विचारत. वितरकाचा गल्ला त्या सिनेमावर जेवढा अवलंबून नसेल, तेवढं काकांच्या घरातलं एक इंजिनिअरिंग अवलंबून होतं. त्यांनी पेपरातली जाहिरात कापून दुकानात लावली आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकली. “उगाच कोणाला वाटायला नको की आपण प्रचार करून राहिलो,” म्हणाले.

पेठेतल्या एका थिएटरात दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. अध्यक्ष सफारीत. बाईंनी पिशवीत पोहे-चिवड्याचा डबा आणला होता. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. पुढच्या रांगांत मात्र आमच्याच दुकानातली पोरं बसली होती, बाहेरचीही आणि आतलीही. थिएटरात सगळेच बाहेरचे असल्यामुळे तो भेद करता येत नव्हता.

सिनेमा वाईट होता. खेळात जे एका क्षणात होतं, मुलीला खांद्यावर टाकून नेतात आणि हे दोघे चालू लागतात, त्याला सिनेमावाल्यांनी अर्धा तास कारणं दिली होती. बालपण दिलं होतं, मेलेला बाप दिला होता, बापाचा एक उपदेश दिला होता आणि तो दर मारामारीआधी आठवत होता. खलनायकाला पांढरा कोट आणि शहराविषयी तत्त्वज्ञान होतं. हिंदीतून आवाज देणाऱ्यांनी गुंडांना तमाशातल्या सोंगाड्यांसारखं बोलायला लावलं होतं. मुलगी आता उचलून नेण्यापुरती राहिली नव्हती, ती पोलिसांत होती आणि शास्त्रज्ञही होती. हाणामारी इतकी थोडी होती की पुढून एक पोरगा ओरडला, “अरे, बोलतोय काय? मार ना!” जाकीटवाला एका पिंपामागे लपला तेव्हा सगळी रांग उभी राहिली. “पिंप फोड! कोंबडी असते आत!” त्यानं पिंप फोडलं नाही. पोरांचा त्या सिनेमावरचा विश्वास तिथेच उडाला.

मध्यंतरात त्यातला एक अध्यक्षांजवळ आला. हमालाचा मुलगा, काकांच्या दुकानातला पट्टीचा खेळाडू. “साहेब, हा बंडल आहे. ह्यांना एक पण मूव्ह येत नाही. आमच्या दुकानात या, खरा दाखवतो.”

“बरं बरं,” अध्यक्ष म्हणाले आणि चिवड्याचा डबा दुसऱ्या बाजूला घेतला.

शेवटाकडे एक मोठा पूल कोसळतो. खलनायक एका खांबाला सुरुंग लावतो आणि सगळा पूल नदीत जातो. अध्यक्ष तेव्हापर्यंत अर्धवट झोपेत होते. ते खाडकन ताठ झाले. “अशक्य आहे. एक खांब गेला तर त्याच्या लगतचे दोन गाळे पडतील. सगळा पूल कसा जाईल? कुणाला विचारलंय यांनी?” उरलेला सिनेमा त्यांनी अंधारात मान हलवत काढला. त्याच सुमाराला बाई पुढे झुकल्या होत्या, कारण मुलीनं पांढऱ्या कोटवाल्याच्या छातीत लाथ घातली होती आणि तो मजल्यावरून खाली गेला होता.

बाहेर चहा पिताना मतं आली.

“साफ बेजबाबदार चित्रपट,” अध्यक्ष म्हणाले. “ज्यांना पुलाचं गणित येत नाही ते मुलांना काय शिकवणार? खेळही तसाच असणार.”

“मला आवडला हो,” बाई म्हणाल्या आणि स्वतःच जराशा लाजल्या. “काय लाथ घातली त्या मुलीनं! आयुष्यभर मी मुलींना सोशिक नायिका शिकवल्या. खेळात अशी मुलगी असेल तर राहू दे की तो खेळ.”

खेळात ती मुलगी काहीच करत नाही, नुसती नेली जाते, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मत बदललं असतं, आणि ते मत मला हवं होतं. मी एवढंच म्हणालो की सिनेमा टाकाऊ आहे, पण खेळ चांगला आहे आणि दोघांचा नावापलीकडे संबंध नाही.

“संबंध नाही कसा?” अध्यक्ष म्हणाले. “मग आपण पाहिला कशाला?”

मी चहाचे पैसे दिले.

रिक्षा सोसायटीच्या फाटकाशी थांबली तेव्हा काका उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून. आत दुकानात खुर्च्या मांडलेल्या दिसत होत्या. आम्ही मशीन बघायला येऊ अशी आशा त्यांनी सोडली नव्हती.

“कसा होता साहेब?”

“पूल चुकीचा होता,” अध्यक्ष म्हणाले आणि जिना चढून गेले.

काका माझ्याकडे बघत राहिले. “पूल? आपल्या खेळात पूल कुठं आहे?”

“नाही, काका.”

“मग?”

मी त्यांना समजावू लागलो. माझं बोलणं संपायच्या आधीच ते आत गेले आणि खुर्च्या एकात एक घालू लागले.

अहवाल पुढच्या सभेत वाचला गेला. भाषा सुरेख होती. अध्यक्षांनी स्वतः लिहिला होता आणि बाईंनी ऱ्हस्वदीर्घ तपासले होते. पार्लर चालू राहण्याच्या बाजूने दोन मतं, विरोधात एक. काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. दोन आकडा ऐकल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं. अध्यक्षांनी पान उलटलं. “सबब, उपसमितीत मतभेद असल्याने, एकमत होईपर्यंत सदर पार्लर तात्पुरते बंद ठेवणे इष्ट.”

“अहो, पण दोघं बाजूनं आहेत!” बाई म्हणाल्या.

“म्हणजेच मतभेद आहेत, बाई.”

“बहुमत आहे!”

“आपल्या सोसायटीत बहुमतानं निर्णय होत नाहीत,” अध्यक्ष खरोखर दुखावल्या आवाजात म्हणाले. “ते राजकारणात होतं. इथं आपण सामंजस्यानं राहतो.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सामंजस्याच्या विरुद्ध बोलायला फार असमंजस माणूस लागतो, आणि तेवढा त्या पार्किंगमध्ये कुणी नव्हता. मलाही धरून.

काका उभे राहिले. “कवापर्यंत, साहेब?”

“अहो, तात्पुरतं आहे. मनाला लावून घेऊ नका.”

ते एकमत व्हायचं राहूनच गेलं. आधी बाई मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेल्या. त्या परतल्या तर अध्यक्षांचा मोतीबिंदू निघाला. डोळा बरा झाला तोवर बाईंचं मत बदललं नव्हतं आणि अध्यक्षांचंही, आणि दोघांनी ते एकमेकांना जिन्यात सांगितल्यामुळे बैठकीची गरज उरली नाही. मी दोनदा अध्यक्षांच्या घरी गेलो. दार अर्धं उघडून ते म्हणाले, “लेखी द्या.” दुसऱ्यांदा म्हणाले, “दिलंत ना लेखी? मग झालं तर.”

काकांनी भांडावं असं मला वाटे. एकदा बोलूनही दाखवलं.

“कोर्टात जाऊ? आणि मग याच जिन्यानं वर जायचं?” ते म्हणाले. “पोरगी आहे घरात. त्यांनी काही वाईट बोलले का मला? एक शब्द नाही. शिवी दिली असती तर मी पाहून घेतलं असतं. आता ‘तात्पुरतं’ला काय उत्तर देऊ?”

वीज तुटेपर्यंत ते रोज सकाळी शटर अर्धं उघडून आत बसत. बंद ठेवलं की मशीन बिघडतं म्हणून चालू करत. कुणी खेळत नसलं की त्या खेळाचा नमुना आपोआप सुरू होई. ते दोघे कुणीही न चालवता चालत, गुंड येत, मार खात. आवाज बंद केलेला असे. काका समोर स्टुलावर बसून ते बघत. ज्या माणसाला तो खेळ मनापासून नावडत होता, त्याच्याइतका तो कुणीच पाहिला नसेल.

मुलीनं दुसरं वर्ष पार पाडलं. पुढच्या जूनमध्ये ती मला सकाळच्या वेळी गिरणीत भेटली, हातात डबा. मी कॉलेजचं विचारलं.

“थर्ड इयरला ॲडमिशन घेतली नाही दादा,” ती म्हणाली. “बघू. तात्पुरतं.”

ती हसली. मला हसता आलं नाही, आणि गिरणीच्या आवाजात ते खपून गेलं.

मोटारी आणि विमानं विकली गेली. ‘जोडी’ला गिऱ्हाईक मिळालं नाही, कारण तोपर्यंत टीव्हीला जोडायचे स्वस्त चिनी खेळ घरोघरी आले होते आणि पोरं आपापल्या दिवाणखान्यात, आईवडिलांच्या देखरेखीखाली मारामाऱ्या करू लागली होती. मशीन जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवलं गेलं. तात्पुरतं. त्यावर लोक दळणाचे डबे, दुधाच्या पिशव्या, छत्र्या ठेवू लागले. सभेच्या सूचना लावायला पडद्याची काच सोयीची होती.

गाळा काकांनी भाड्यानं दिला. तिथे कॉम्प्युटर क्लास आला. उद्‌घाटनाचा नारळ अध्यक्षांनी फोडला आणि ते म्हणाले की आपल्या वास्तूत संगणकयुग अवतरलं आहे. व्यावसायिक विजेची संमती त्याच आठवड्यात मिळाली; त्यासाठी उपसमिती लागली नाही. क्लासवाल्यांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. काकांची मुलगी त्यांना कमी पगारात मिळाली. अर्धं का होईना, इंजिनिअरिंग झालेलं. ज्या जागेत सकाळी ती झाडू घेऊन यायची, तिथे आता ती मॅडम होती आणि निवृत्त माणसांना कॉम्प्युटर चालू आणि बंद करायला शिकवत होती. अध्यक्षही काही दिवस गेले. तास संपला की मुलं तिथल्या कॉम्प्युटरवर मारामारीचे खेळ खेळत आणि भरपूर ओरडत. मार्केट यार्डातली मुलंही असत. फी भरल्यामुळे ती आता बाहेरची नव्हती, विद्यार्थी होती.

मला पुढे सॉफ्टवेअरच्या मदत-पुस्तिका लिहायचं काम मिळालं. एम. ए.चा एवढा उपयोग होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. एकदा हडपसरच्या बाजूच्या एका कंपनीत गेलो तर काचेच्या दारात निळ्या गणवेशात काका उभे. त्यांनी मला कडक सलाम ठोकला. त्यात थट्टा किती आणि नोकरी किती, ते कळू दिलं नाही.

“या साहेब. बॅग दाखवा.”

“काका, काय हे!”

“दाखव रे. कॅमेरा आहे वर.” त्यांनी बॅगेत हात घालून वह्या चाचपल्या. मग हळूच म्हणाले, “आत वरच्या मजल्यावर आपल्यासारखंच मशीन आहे. खेळ वेगळा, पण मारामारीचाच. इंजिनिअर लोकांचं डोकं हलकं व्हावं म्हणून कंपनीनं ठेवलं. फुकट खेळतात.” त्यांनी बॅगेची चेन लावून दिली. “समिती नाही.”

काका सेवेत असतानाच गेले. सकाळी आंघोळीनंतर छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. घरी आणलं, तेव्हा खुर्चीत बसवून वर नेलं होतं. पांढऱ्या कपड्यांतले नातेवाईक नागपूरकडून येईपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. वर जाताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण रिकामी तिरडी उभी धरून नेता येते. खाली येताना ती आडवी असते. शेवटच्या वळणावर पुढच्या दोघांचे खांदे मशीनला अडले आणि सगळे जागच्या जागी थांबले. मागे वर दुसऱ्या मजल्यापर्यंत माणसं जिन्यात उभी. ना पुढे जाता येईना, ना मागे.

“ते हलवा, हलवा आधी,” कुणीतरी म्हणालं.

अध्यक्ष पायथ्याशी हार घेऊन उभे होते. ते आता बरेच थकले होते, पण अशा वेळी पुढे होण्याची सवय गेली नव्हती. त्यांनी हार माझ्या हातात दिला, मशीनवरची दळणाची परात काढून जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी मशीनला धरलं. मी हार परातीत ठेवून दुसरी बाजू धरली, शिंपी मागून आला. मशीन हललं नाही.

“अहो, केवढं जड आहे हे!” अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“काचेकडून धरू नका,” वरून आवाज आला. मुलगी तिरडीच्या मागे पायरीवर उभी होती. तिचा आवाज क्लासातल्यासारखाच होता, नीट समजावून सांगणारा. “खालून धरा. आणि आपल्याकडे ओढा. ढकललं की ते अडकतं.”

आम्ही खालून धरलं आणि ओढलं. फरशीवर घासत ते पार्किंगमध्ये उन्हात आलं. इतक्या वर्षांनी उजेडात त्याचे रंग कसेतरीच दिसत होते. पडद्यावर गेल्या सभेची सूचना होती, आणि खाली जॉयस्टिकचा लाल गोळा बोटांनी झिजून पांढरा पडला होता. अध्यक्षांनी रुमालानं तळवे पुसले आणि गोळ्याला एक बोट लावून पाहिलं. तो डावीकडे कलला आणि परत जागेवर आला.

जिन्यातून माणसं बाहेर पडू लागली.

“यात नेमकं होतं तरी काय?” अध्यक्षांनी मला हळूच विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात त्रिशरण सुरू झालं, त्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही.